शेवटचे वीस सामने

१६ ऑगस्ट, शनिवार

जिंकलो!! सेमीफायनल! फोनवरच्या बंदुकीच्या गेमची स्पर्धा, जिल्ह्यातल्या सोळा टीम, आणि आमची चौघांची उरली शेवटच्या दोनांत. शेवटी मी एकटी जिवंत, समोर दोघं. गवतात पडून राहिले, अजिबात हलले नाही, आणि मग – एक, दोन! अंगठे अजून स्क्रीनवरच असल्यासारखे हलताहेत. पेन नीट धरता येत नाही.

सामना चारला होता. मारेगाव रोडच्या एका पडीत वावरात गाजरगवतावर तणनाशक मारून आम्ही साडेतीनला मोकळ्या झालो. ड्रोन मी उडवते. पाणी, औषध, बॅटऱ्या आणि शेवटचं धुणं समीक्षाकडे – बचत गटाला ड्रोन मिळाला तेव्हापासूनची वाटणी. पण आज तिच्या पोरीचं इंजेक्शन होतं आणि नर्सबाई चारपर्यंतच बसते. म्हटलं, तू जा, धुणं मी करते. ती निघाली, परत वळली. "तीनदा धुजो वं. सोडा टाकून. तणनाशक हाये." म्हटलं, हो गं बाई!

टाकी एकदाच खळबळली. साध्या पाण्यानं. चारला पाच कमी होती. उद्या सकाळी लवकर जाऊन नीट धुईन.

१७ ऑगस्ट, रविवार

उठायला उशीर. नानाजींच्या कपाशीवर तुडतुड्यांची फवारणी होती, ते सातपासून वावराच्या धुऱ्यावर उभे. रिटायर पोस्टमन आहेत. मला पायलट मॅडम म्हणतात आणि टोपी काढून सलाम ठोकतात, रोज. समीक्षानं औषध कालवून टाकी भरली, मी उडवलं. तीन एकर, तासाभरात खलास.

धुण्याचं आठवलं ते दुसरी टाकी वर असताना. आता काय करायचं? एक वेळ नाही धुतली तर काय होतं.

फायनल दुपारी. हरलो. सगळ्यांनी चॅटवर लिहिलं – लॅग झालं. मीही लिहिलं, लॅग झालं. लॅग कसलं! माझा नेम चुकला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. काम बंद. आईचं पुन्हा तेच – "अंगठे झिजतीन तुह्ये." चौथीपासून ऐकतेय.

पण खरं सांगायचं तर माझं जे काही आहे ते या अंगठ्यांचंच आहे. चौथीत होते तेव्हा दादानं वणीच्या बाजारातून टीव्हीला लावायचा गेम आणला. पिवळी चौकोनी कॅसेट, दोन रिमोट. एका रिमोटचं बटण जोरात दाबलं की अडकायचं – तो अर्थातच माझ्या वाट्याला. म्हणून मी हलकं दाबायला शिकले. मग बाबांच्या साध्या फोनवरचा साप. शाळेच्या सहलीत सगळ्या पोरी गाणी म्हणत होत्या आणि मी मागच्या सीटवर साप वाढवत बसले होते. मग कॉलेजात हा बंदुकीचा गेम. मुलीचं नाव दिसलं की पोट्टे घाण घाण लिहितात, म्हणून आयडी घेतला – बोंडअळी_७! सहा वर्षं झाली, माइक एकदाही चालू केला नाही. टीममधले दोघं मला केळापूरकडचा कोणी पोरगा समजतात. एकानं तर बहिणीसाठी स्थळ विचारलं होतं. बी. ए. दोनदा राहिलं ते या बोंडअळीपायीच.

आणि मग ड्रोनचं ट्रेनिंग. बाकीच्या बाया रिमोटच्या काड्या अशा धरायच्या जसा विहिरीचा दोर. सरांनी मला विचारलं, याआधी कुठं उडवलाय? म्हटलं, नाही. "मग हात इतका हलका कसा?" काय सांगणार! ज्या अंगठ्यांसाठी इतकी वर्षं बोलणी खाल्ली त्यांच्यावरच सर्टिफिकेट मिळालं. आईनं ते फ्रेम करून भिंतीला लावलंय, आणि तरी अंगठे झिजतीन म्हणते.

एक गोष्ट मात्र इथंच लिहू शकते. टीममधला चौथा, टिपेश्वर_टायगर – तो समीक्षाचा नवरा, रजत. कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. बाहेर ट्रकांची रांग आणि हा आत गेममध्ये; नोकरी गेली. समीक्षाच्या सासऱ्यांनी त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेम सोडायची शपथ घ्यायला लावली, सगळ्या घरासमोर. समीक्षानंच सांगितलं होतं मला, डोळे पुसत. दोनच महिन्यांनी गेममध्ये रिक्वेस्ट आली – ताई, मी रजत, समीक्षाले सांगू नका. माझा आयडी त्यानं एकदा माझ्या फोनवर पाहिला होता.

नाही सांगितलं. चौथा गडी हवाच होता.

२२ ऑगस्ट, पोळा

काल खांदमळणीला विमलताईंनी बैलांबरोबर ड्रोनच्याही खांद्यांना हळद-तूप चोळलं! सहाच्या सहा हातांना. गटाच्या अध्यक्ष त्या, त्यांना कोण अडवणार. "त्यालेबी राबराब राबवतो आपण," म्हणाल्या. आज त्याला झूल, बेगड, सगळं. समीक्षा हसून हसून खाली बसली. नंतर मोटरीतलं तूप काढायला दोघींना दोन तास लागले.

ती म्हणाली, "पुढच्या पोळ्याले मी उडवून दाखवतो, पायजो." दिवाळीनंतरच्या पायलट ट्रेनिंगला गटातून तिचं नाव जाणार आहे. मी तिला जेवणाच्या सुट्टीत फोनवर काड्या फिरवायला शिकवते. हात जरा जड आहे, पण येईल.

२४ ऑगस्ट, रविवार

नानाजींचा फोन. "पायलट मॅडम, जरा वावरात येऊन जाता का."

गेले. त्यांनी एक पान खुडून माझ्या तळहातावर ठेवलं. "पोरी, हे पराटीचं पान हाये का भेंडीचं?"

कपाशीचं पान कसं रुंद असतं, पंज्यासारखं. हे लांबट, चिरलेलं, बोटांसारखं. शेंडे वळलेले. एक झाड नाही, ओळीच्या ओळी. जिथं जिथं मी ड्रोन फिरवला तिथं तिथं. कडेच्या दोन ओळी जिथं झाडामुळं उडवता आलं नव्हतं, तेवढी कपाशी मात्र एकदम ठणठणीत, हिरवीगार. म्हणजे शंकेला जागाच नाही.

मला तिथंच कळलं. शनिवारचं तणनाशक. टाकीत, नळ्यांत राहिलेलं.

"औषधात काही खोट असंल का वं?" नानाजींनी विचारलं. मी म्हटलं, असेल. म्हणजे तोंडातून निघालंच ते. असेल!

२५ ऑगस्ट, सोमवार

हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या मी स्वतःलाच दुसरं काहीतरी सांगायला लागेन.

समीक्षा सकाळी ड्रोनच्या शेडात आली. तिनंही पानं पाहिली होती. दार लोटून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "टाकी धुतली होती ना वं तू?"

मी म्हटलं, हो. तीनदा. सोडा टाकून.

तिनं लगेच विश्वास ठेवला! एक क्षणही लागला नाही. कपाळाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मंग बकेट. औषध कालवाची बकेट. ते तं मी इंजेक्शनच्या घाईत तशीच ठेवली असंल. त्याच्यातच कालवलं का वं मी?" आणि माझ्याकडे पाहिलं.

बकेट मी पाहिली होती. शनिवारी निघताना तिनं घासून पालथी घातली होती.

मी म्हटलं, "असू शकतं."

२८ ऑगस्ट, गुरुवार

विमलताईंच्या ओसरीवर बैठक. कृषी सहायक येऊन गेले, पानं पाहून एका मिनिटात म्हणाले – तणनाशकाचा अंश. औषधाचा दुकानदार सुटला. आता राहिलो आम्ही.

विमलताईंनी विचारलं, "काहून वं समीक्षा? धुणं कोणाकडं असते?"

"माह्याकडं." मग स्वतःहूनच म्हणाली, "बकेट राह्यली असंल माह्याकडून. पोरीच्या इंजेक्शनसाठी लवकर गेलती मी."

धुवायचं मी कबूल केलं होतं, हे तिनं सांगितलंच नाही. तिच्या लेखी ते झालेलं काम होतं. त्यात सांगायचं काय? कोणीतरी मागून म्हणालं, लेकराचं कारण सांगून सगळ्याच जातीन मंग. विमलताईंनी ड्रोनवरून तिला काढलं. ट्रेनिंगमधून नाव काढलं. नानाजी कोपऱ्यात बसून म्हणत होते, "जाऊ द्या ना बाई, फुटवा येते, मी शेंडे खुडून पायतो." कोणी ऐकलं नाही.

मी? मी माठातलं पाणी प्यायले. दोन ग्लास.

३० ऑगस्ट

नानाजी उन्हात शेंडे खुडताहेत. एकेक झाड. तीन एकर.

२ सप्टेंबर, मंगळवार

गेम उघडला नाही, दहा दिवस झाले. आज रजतचा मेसेज गेमवर नाही, साध्या फोनवर. शाळेमागच्या लिंबाखाली बोलावलं. माणूस वाळलाय.

म्हणाला, "ताई, मले माहीत हाये. चारला तुम्ही आत होत्या. साडेतीनले वावरातून निघाल्या. तीनदा धुवाले कितीक टाइम लागते, समीक्षानंच सांगितलं मले." म्हटलं, मग तू काहून नाही बोललास? बायको तुझी आहे.

"कसा बोलू? तुम्ही आत होत्या हे मले कसं माहीत, हे नाही विचारणार का?"

म्हणजे दोघांची तोंडं एकाच दोरीनं बांधलेली. तो शपथ मोडलेला, मी खोटं बोललेली, आणि मध्ये ती – घरी बसून बकेट आठवत. रजत सांगत होता की ती आता घरची भांडीसुद्धा दोन-दोनदा घासते. सासू म्हणते, पाणी संपवतं का वं.

मग त्यानं खरं काम सांगितलं. गेममध्ये प्रत्येकाच्या खात्यावर शेवटचे वीस सामने दिसतात. तारीख, वेळ, टीममध्ये कोण कोण. सोळा ऑगस्ट, दुपारी तीन अठ्ठावन – बोंडअळी_७ आणि टिपेश्वर_टायगर, शेजारी शेजारी. त्याच्या आयडीवर त्याचा स्वतःचा फोटो आहे, गॉगल घातलेला. "वीस नवे खेळलं का जुनं खाली सरकून जाते. मी माह्या फोनवरचं काढलं. तुम्हीबी खेळून टाका ना ताई. दोन दिवसांचं काम."

म्हणजे शपथ मोडल्याचा पुरावा पुसायला हा वीस वेळा पुन्हा खेळला! मला हसू आलं. मग तो रडायला लागला आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

७ सप्टेंबर, पौर्णिमा

विहारात ग्रंथवाचन. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी मीच वाचते – माझा आवाज स्वच्छ आहे म्हणतात. आधी सगळ्यांनी मिळून पंचशील. चौथ्या शीलाला माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. खोटं न बोलण्याचं ते. आई शेजारीच पांढऱ्या साडीत, डोळे मिटून. माझा आवाज आला नाही हे तिच्या लक्षात आलं असणार. घरी येताना फक्त म्हणाली, "घसा बसला का?"

हो म्हटलं. एवढंसं, पण तेही खोटंच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

यादी उघडून पाहिली. ती ओळ वरून पाचवी.

खेळले नाही. फक्त पाहत बसले. सहा वर्षांत या गेमनं मला काय काय दिलं! आवाज न करता थांबणं. नकाशा डोक्यात धरणं. घाबरलं तरी बोट स्थिर ठेवणं. कुठल्याही वावरावर ड्रोन नेला की मला आधी वाऱ्याची दिशा दिसते, ती गेममुळंच. बारावीनंतर सगळ्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या तेव्हा बोलायला टीममधले ते दोघंच होते. मी गेमला शिव्या घालणार नाही, खोटं होईल ते. शनिवारी माझा हात गेमनं ओढून नेला नाही. मी गेले, आपल्या पायांनी.

पण एक सवय मात्र तिथंच लागली. हरलं की लिहायचं – लॅग झालं, नेट गेलं, तू मागं राहिलास. सहा वर्षांत हजारो सामने असतील, 'माझी चूक' असं एकदाही कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही. मीही लिहिलं नाही. त्या आधीचीही आहे म्हणा सवय. सहावीत टीव्हीचा गेम दिवसभर चालू ठेवून मी त्याचं अॅडाप्टर जाळलं होतं आणि मार दादानं खाल्ला. त्याला माहीत होतं कोणी जाळलं. बोलला नाही. मी चुलीपाशी बसून भाकरी खात होते, ती भाकरी कशाबरोबर खाल्ली तेही आठवतं – शेंगदाण्याची चटणी.

१८ सप्टेंबर

समीक्षाच्या जागी आलेली नवी सहायक बाई चांगली आहे. टाकी चार-चारदा धुते. समीक्षाचं नाव घेऊन सगळ्यांना सांगते – "मी नाई बापा तिच्यासारखी."

समीक्षा सोसायटीपाशी भेटली. मी नजर चुकवणार होते, तीच आली. "कशी हायेस वं? कितीक वावरं झाली?" आणि मग, "तुले माह्यामुळं बोल लागला ना. नानाजी काही म्हणून राह्यले का तुले?"

तिला माझी काळजी! मी पिशवी हातात घट्ट धरून उभी. तिचे अंगठे पाहत होते. बोलताना ते आपोआप हलतात, काड्या फिरवल्यासारखे. अजून सराव करते म्हणाली, पोरीच्या चित्रांच्या वहीवर दोन गोल काढून.

२२ सप्टेंबर, सोमवार

सहा सामने खेळले. एका दमात. दुपारी, आई वावरात होती तेव्हा. प्रत्येक सामना संपला की यादी उघडून पाहायची. सहावी. सातवी. आठवी... सहाव्यानंतर ती ओळ अकरावी झाली. अजून दहा, आणि मग काहीच झालं नाही असं होईल.

सातवा सुरू करणार होते, तेवढ्यात फोन गादीवर फेकला. नालायक आहे मी! दुसरा शब्द नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. मिरवणूक, मग विहारात खीर. आईनं वाढता वाढता विचारलं, "ते तुह्यी समीक्षा येत नाई आता?" म्हटलं, ड्रोनवर नाही ती. आई म्हणाली, "मले वाटलं का भांडल्या. तिच्याबिगर तू जेवत नव्हती."

खीर तशीच ठेवून उठले. ठरवलं. पाच तारखेच्या बैठकीत सगळं सांगायचं. रजतचं नाव घेणार नाही, माझं सांगेन. लायसन जाईल तर जाऊ दे.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं!

उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. टाकी समीक्षानं नाही, मी धुणार होते. एकदाच साध्या पाण्यानं खळबळली. मला गेम खेळायचा होता. बकेट स्वच्छ होती, मी डोळ्यांनी पाहिली. तिला मुद्दाम शंकेत ठेवलं. चूक माझी.

मग विमलताई उठल्या, माझ्याजवळ आल्या – मला वाटलं थोबाडात देतील. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली!

"पाहा गं बायांनो. मैत्रीण असावी तं अशी. तिच्यासाठी सोतावर घेऊन राह्यली."

म्हटलं, ताई, मी खरं सांगतेय. "मले शिकवतं का? समीक्षानं सोता कबूल केलं होतं, सगळ्यांसमोर. तुह्यं मन मोठं हाये, पोरी. पण खोटं कायले बोलतं?"

खोटं! महिन्याभरात पहिल्यांदा खरं बोलले आणि ते खोटं ठरलं. कोणी म्हणालं, ही कायचा गेम खेळते, हिले ड्रोनमधून फुरसत हाये का. नव्या सहायक बाईनं डोळे पुसले. नानाजीही होते, टोपी काढून सलाम केला त्यांनी मला. पहिल्यांदा तो सलाम मला घ्यावासा वाटला नाही. त्यांच्या कपाशीला खालून फुटवा आलाय म्हणाले, अर्धी तरी हाती लागेल. वर मलाच धीर देत होते.

घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिला वाटलं, बायांनी कौतुक केलं म्हणून.

६ ऑक्टोबर, सोमवार

रजतचा फोन. "बरं झालं ना ताई. तुम्ही तं सांगितलं, आता त्याइले खरं नाई वाटत त्याले तुम्ही काय करसान? आता उरलेलं खेळून टाका."

खरं सिद्ध करायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, ती अकरावी ओळ. ती दाखवली की तोही दिसतो. फोटोवर बोट ठेवून दाखवावं का? विमलताई पहिल्यांदा तेच म्हणतील, बोट काढ. आणि मग त्या घरात काय होईल ते मला माहीत आहे. समीक्षाचे सासरे बोलायला कमी करत नाहीत.

दिवसभर विचार केला. एक गोष्ट मात्र सरळ आहे – ओसरीवरच्या बायांना नाही, आधी तिला कळलं पाहिजे. बाकी तिनं ठरवावं. रजतला मेसेज केला, उद्या मी समीक्षाकडे जातेय, त्याआधी तू सांग.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रजतनं सांगितलेलं नव्हतं.

समीक्षाच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं, अजून दहा सामन्यांत ही ओळ पुसली जाईल तेही, आणि फोन तिच्या हातात दिला. तारीख, वेळ, माझं नाव, त्याचा गॉगल. तिनं ती ओळ दोनदा वाचली. आत सासू पोरीला भरवत होती. मी वाट पाहत होते, तिनं ओरडावं, फोन आपटावा, आत जाऊन सगळ्यांना दाखवावा.

तिनं विचारलं, "हे चालू कसं करतेत?"

मी बोटानं दाखवलं. ती खेळायला लागली. उतरायची, मरायची, पुन्हा चालू. तिला पळताही येत नव्हतं. एकदा भिंतीकडे तोंड करून उभी होती, तशीच मेली. मी शेजारी बसून मोजत होते. दहाव्यानंतर यादी उघडली. ओळ गेली होती.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता त्यानं," ती म्हणाली. "आता तिले साधा ताप आला तरी घरात तेच निघंल, जल्मभर." फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि पोरीला घ्यायला उठली. दारातून म्हणाली, "मले काही माहीत नाई. आता तुलेबी नाई."

तिची माफी मागायची राहिलीच. आता कशाची मागू?